उत्तर कोणी द्यायचं

"तो तिकडे उघडा उभा आहे," बिहराम म्हणाला, "आणि तू इथं मासे तळत बसलीस."

सिमतखालानं कढईतला मासा उलटला. "कोण उघडा उभा आहे? बघून आलात?"

मी मोरीशेजारी बसून कांदा चिरत होते. नवराबायकोचं वाजलं की तिसऱ्यानं कांदा हाती घ्यावा, हे मी त्या घरात शिकले. डोळ्यांत पाणी आलं तरी कोणी कारण विचारत नाही.

"वर्ष झालं," बिहराम म्हणाला. "वर्षभर पोरगा पहिल्याच नाक्यावर अडकलाय, आणि आई विचारते बघून आलात का!"

"अबू अनूश, आवाज खाली करा. पोरगी घरात आहे."

पोरगी म्हणजे मी. पस्तिशीला टेकलेली, दवाखान्यात दोन वॉर्ड अंगावर घेणारी. पण सिमतखालाला मी पोरगीच.

ही गोष्ट अमारा गावची. इराकच्या दक्षिणेला, तिग्रिस नदीच्या काठावर आहे ते. इराणशी लढाई सुरू होऊन पाचवं वर्ष लागलं होतं. मी सगुणा साळवे, मूळची नगरची, तिथल्या सरकारी दवाखान्यात करारावर गेलेली नर्स. बिहराम चांदीचा कारागीर होता. त्याच्या घराची माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली होती. त्याला मी अम्मो म्हणायचे, म्हणजे काका, आणि त्याच्या बायकोला खाला, म्हणजे मावशी. ही माणसं मुसलमान नव्हती आणि ख्रिस्तीही नव्हती. गावात त्यांना सुब्बी म्हणायचे, म्हणजे बुडी मारणारे. त्यांचा सगळा धर्म वाहत्या पाण्यात. आम्हा ख्रिस्ती लोकांत बाप्तिस्मा आयुष्यात एकदा होतो, आणि मग माणूस पाप करायला मोकळा! हे लोक सणावारी, रविवारी, बाळंतपणानंतर, भांडणानंतरही नदीत उतरायचे. सिमतखाला माझ्याशी अरबीत बोलायची, पण इतक्या वर्षांनी मला ती आठवते ती आमच्या नगरच्या बायकांसारखी बोलताना. म्हणून मी तसंच सांगते.

तिकडे नवराबायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. तो तिला 'उम्म अनूश' म्हणायचा, म्हणजे अनूशची आई. ती त्याला 'अबू अनूश', म्हणजे अनूशचा बाप. नुसतं मीठ मागायचं तरी त्यांना मुलाचं नाव घ्यावं लागायचं. आणि हा अनूश, त्यांचा एकुलता एक मुलगा, आदल्या वसंतात दलदलीच्या आघाडीवर बेपत्ता झाला होता. मेला असं कोणी म्हणेना, जिवंत आहे असंही कोणी म्हणेना.

सुब्बी माणसानं मरताना अंगावर त्यांचा तो पांढरा विधीचा पोशाख असावा लागतो. नसला तर आत्म्याला पुढची वाट मिळत नाही. पहिल्याच नाक्यावर त्याला थांबवतात, आणि तो तसाच उभा राहतो. सैनिक मरतो तो खाकीत. अशांसाठी त्यांच्यात एक विधी आहे. मेलेल्याच्या वयाचा, त्याच्यासारखा एक जिवंत माणूस निवडतात. तो मेलेल्याच्या नावानं नदीत उतरतो, त्याच्या नावानं नवा पोशाख घालतो, त्याच्या नावानं जेवतो. मग ते कपडे तिकडे पोचतात. पण हे वर्षातून एकदाच, पंजा नावाच्या त्यांच्या पाच दिवसांच्या सणात. तेव्हा म्हणे प्रकाशाच्या जगाची दारं उघडी असतात आणि गेलेली माणसं अगदी कानाशी येऊन उभी राहतात.

पंजाचा तिसरा दिवस होता. सामनं, बिहरामच्या पुतण्यानं, अनूशच्या जागी उभं राहायला होकार दिला होता. नवा पोशाख शिवून तयार होता. वरच्या गावाहून धर्मगुरू आले होते. त्यांना सगळे शेख म्हणत. सगळं तयार होतं आणि आई अडून बसली होती.

"उद्या नाही तर परवा," बिहराम म्हणाला. "परवा सूर्य बुडला की दारं बंद. मग पुढल्या वर्षापर्यंत तो तसाच थंडीत."

"आणि तो जिवंत असला तर?" सिमतखालानं झारा खाली ठेवला. "जिवंत पोराला मेलेल्यांचे कपडे पाठवू? उद्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याचं पान आपण तिकडे वाढून मोकळे झालेलो असलो, तर त्यानं जेवायचं कुठं?"

बिहरामनं माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तू शिकलेली आहेस. तू सांग हिला."

मी कशाला मध्ये पडते! पण जीभ आपली राहत नाही. "अम्मो, आमच्याकडेही असं करतात," मी म्हणाले. "म्हणजे आमच्यात नाही, आमच्या शेजारच्या हिंदू लोकांत. आमच्या गल्लीतला एक माणूस घरातून निघून गेला. घरच्यांनी बारा वर्षं वाट पाहिली, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला."

"मग तो परत आला?" सिमतखालानं विचारलं.

"नाही."

"आणि पुतळा? तो काही बोलला?"

"गवताचा पुतळा काय बोलणार, खाला!"

"मग तुमचं बरं," ती म्हणाली. "आमच्यात माणूस उभा करतात, आणि तो बोलतो."

बिहराम चपला सरकवून दुकानात निघून गेला. दलदलीच्या बाजूनं तोफांचे दबके आवाज येत होते. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ते थांबले तरच मान वर व्हायची.

मासे ताटलीत काढून झाल्यावर सिमतखाला माझ्यासमोर येऊन बसली. "त्या पोराचं पुन्हा सांग," ती म्हणाली.

ते मी तिला आधी एकदा सांगितलं होतं, आणि सांगून पस्तावले होते. महिन्याभरापूर्वी आघाडीवरून जखमींचे ट्रक आले तेव्हा बाळंतिणीच्या वॉर्डातल्या आम्हालाही खाली बोलावलं होतं. माझ्या वाट्याला एक भाजलेला पोरगा आला. चेहऱ्यावर पट्ट्या, गळ्यात बिल्ला नाही, खिशात कागद नाही. फक्त उजवा हात शाबूत होता.

"तो हात पुढे करायचा," मी म्हणाले.

"कसा? दाखव."

मी दाखवला. ती वाकून बघत राहिली.

"मला वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं तर घेईना. मग मी हात हातात घेतला, तेव्हा तो काहीतरी म्हणाला आणि थांबला. माझ्या तोंडाकडे कान लावून थांबला, असं वाटलं मला. मी म्हणाले, झोप बाळा. तर हात सोडवून घेऊन पुन्हा पुढे केला, पुन्हा तेच. शेवटी आपल्याच बोटांना ओठ लावायचा आणि गप्प पडायचा. मग पुन्हा."

"आणि नाव?"

"नाव सांगायचा. शितिल. शितिल, शारतचा मुलगा. मी म्हटलं, शारत कोण, बाप का? तर नाही अशी मान हलवली."

"शारत बाईचं नाव आहे," सिमतखाला म्हणाली. "देवापुढे आम्ही आईचं नाव लावतो. देवापुढचं नावच वेगळं असतं, रोजच्या वापरातलं नव्हे. त्यानं तुला ते सांगितलं."

"अनूश नव्हता तो, खाला," मी घाईनं म्हणाले. "बुटका होता. तुमचा अनूश या दारातून वाकून यायचा ना?"

"मला माहीत आहे. माझं देवापुढचं नाव शारत नाही." तिनं माझा हात धरला, उजवा, आणि त्यांच्या जुन्या भाषेत दोन-तीन शब्द म्हणाली. "हेच ना?"

हेच होतं.

"याला कुश्ता म्हणतात," ती म्हणाली. "नदीतून वर काढल्यावर शेख हात देतात आणि हे म्हणतात. समोरच्यानं उत्तर द्यायचं असतं." ते उत्तरही तिनं म्हणून दाखवलं. त्याचा अर्थ तिनं समजावला तो साधारण असा: शोधशील तर सापडेल, बोलशील तर ऐकणारा असेल. "आमच्या प्रार्थनांचा एक भागच्या भाग उत्तरांचा आहे. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर नाही मिळालं तर ते म्हणणं अधांतरी राहतं. त्या पोरानं मरताना किती वेळा हात दिला, आणि समोर कोण, तर तू!"

ती मला लागेल असं बोलली नव्हती, पण मला लागलं. नगरच्या आमच्या देवळात पाळकसाहेब एक ओळ वाचायचे आणि आम्ही सगळे पुढची म्हणायचो. लहानपणापासून तोंडाला वळण पडलेलं. तरी त्या पोराच्या उशाशी मी 'झोप बाळा' म्हणत बसले होते, कारण मला माहीतच नव्हतं की माझ्याकडे काही मागितलं जातंय. मी त्याचे डोळे मिटले. लष्कराची माणसं त्याला दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतच घेऊन गेली.

सिमतखाला उठली आणि तिनं बिहरामच्या दुकानात निरोप धाडला: परवा विधी होऊ दे.

बिहराम आला तो अक्षरशः धावत. बायकोचा हात धरून दारातच रडायला लागला. "उम्म अनूश, पोरावर उपकार केलेस," म्हणाला. ती म्हणाली, "हात सोडा, पिठाचा आहे."

पंजाच्या शेवटच्या दिवशी सकाळी सगळे नदीवर जमले. वर्षभर हट्ट धरणारा बिहराम ऐन वेळी गळाठला. पांढरे कपडे घातले, दारापर्यंत आला आणि म्हणाला, "मला नाही बघवणार. साम पाण्यात उभा राहणार आणि त्याला अनूश म्हणायचं... मी दुकानात बसतो." सिमतखाला म्हणाली, "बसा." तिला जणू हेच हवं होतं, असं मला वाटून गेलं. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

मला त्यांच्याजवळ जायची परवानगी नव्हती. विधीच्या दिवशी परक्याचा स्पर्श चालत नाही. त्याचं मला काही विशेष वाटलं नाही. सोवळ्याच्या बाहेर कुठं उभं राहायचं हे आमच्या आजीपासून आम्हाला पाठ आहे. मी बांधावर एका झुडपाच्या सावलीत बसले. तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

काठावर बांबूची काठी रोवून तिच्यावर पांढरं रेशमी वस्त्र टाकलं होतं, वर हिरव्या डहाळ्या. शेख म्हातारे होते, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची गुरं मान वर करतील. साम उभा होता जुन्या पांढऱ्या कपड्यांत. गोरा, उंच, अनूशच्या फोटोतल्यासारखाच नाकेला. नव्या पोशाखाची घडी एका वेताच्या ताटात ठेवली होती.

"कोणाच्या नावानं?" शेखनी विचारलं.

ते वरच्या गावचे. या घरातलं कोणाचंही देवापुढचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ते नाव घरच्यांपलीकडे कोणाला ठाऊक नसतं, आणि विधीत ते आईनंच सांगायचं.

सिमतखाला एक पाऊल पुढे आली. "शितिल," ती स्पष्ट म्हणाली. "शितिल, शारतचा मुलगा."

मी उठून उभी राहिले. वाटलं की माझ्या ऐकण्यात काही घोटाळा झाला. पण सामनं झटकन मान वळवून काकूकडे पाहिलं, तेव्हा कळलं की माझे कान ठीक आहेत. सिमतखालानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सामनं मान खाली घातली आणि पाण्यात उतरला.

शेखनी त्याला बुडवलं, पुन्हा बुडवलं, ओंजळीनं पाणी पाजलं, कपाळावरून हात फिरवला. प्रत्येक वेळी ते नाव घेत होते. शितिल, शारतचा मुलगा. काठावरचे पुरुष उत्तरं म्हणत होते, एका सुरात, पाण्यावरून ते सूर सरकत यायचे. मग शेखनी उजवा हात पुढे केला आणि ते शब्द म्हटले.

साम थरथरत होता. मार्च सरता सरता त्या नदीला बर्फाचं पाणी असतं. त्याचे दात वाजत होते, त्याच्या तोंडून उत्तर निघेना. शेख हात पुढे धरून थांबले. मला तो वॉर्ड आठवला. मी ओठ आवळून धरले, कारण उत्तर माझ्याच तोंडात येऊन बसलं होतं. शेवटी साम बोलला. आवाज त्याचा नव्हताच असं मी म्हणणार नाही; थंडीनं आवाज बदलतो, हे मी नर्स म्हणून सांगू शकते. पण बोलला तो स्वच्छ, मोठ्यानं, आणि महिनाभर खोळंबलेल्या माणसासारखा. मग त्यानं आपल्या बोटांना ओठ लावले. अगदी तसेच.

मी खाली बसले आणि खूप रडले. बांधावर मी एकटीच होते, तिथं कांद्याची गरज नव्हती.

काठावर येऊन सामनं नवा पोशाख घातला, शितिलच्या नावानं भाकरी खाल्ली, पाणी प्याला. दुपार कलली तशी माणसं पांगली. सिमतखाला भांडी घासायच्या निमित्तानं मागे राहिली. मी बांधावरून खाली गेले, तिच्यापासून चार हात दूर थांबले.

"खाला, हे काय केलंत?"

"काय केलं? शितिल मेला हे कोणाला तरी माहीत आहे. तुला. तू त्याचे डोळे मिटलेस. अनूश मेला हे कोणाला माहीत आहे? कोणालाच नाही. कपड्यांचा जोड एकच होता, सगुणा. ज्याचं मरण ठाऊक आहे त्याला दिला."

"अम्मोंना काय सांगाल?"

"काही नाही. सामही सांगणार नाही."

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. ही बाई तर हातचं दुसऱ्याच्या पोराला देऊन मोकळी झाली होती. मला तिचा अभिमान वाटला आणि तिची भीतीही वाटली.

भांडी घासून झाली तरी ती उठेना. सूर्य खजुरांच्या मागे गेला होता, पाणी तांबडं दिसत होतं. ती म्हणाली, "दिवसभर धीर होता. आता नाही. तो तिकडे असला तर?"

"तुम्हीच म्हणालात तो जिवंत आहे."

"म्हणाले. म्हणायला काय जातं." ती उठली आणि गुडघाभर पाण्यात गेली. "अजून दारं उघडी आहेत. मी हात देते. अनूश तिकडे असला तर उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही. आईनं हात पुढे केला आणि पोरगा गप्प बसला, असा तो नव्हता. उत्तर नाही आलं, तर तो तिकडे नाही. मग तो जिवंत."

हे कुठल्याही शेखनी तिला सांगितलं नव्हतं. तिचं तिनं काढलं होतं. आईच्या मनाला शास्त्र विचारायला कोण जातं! मी म्हणणार होते, खाला, नका असं नदीला काही विचारू, चला घरी. पण तिनं उत्तरेकडे तोंड केलं, उजवा हात पाण्यावर धरला, मनातल्या मनात त्याचं नाव घेतलं असावं, आणि ते शब्द म्हटले.

पाणी वाहत होतं. काही नाही.

तिनं पुन्हा म्हटले. एक पक्षी उडाला, बस्स. तोफाही थांबल्या होत्या. मी माझा तळवा माझ्या तोंडावर घट्ट दाबून धरला. इतकी वर्षं ओळीला ओळ जोडायची सवय, काय सांगावं, चुकून निघून जायचं. मी माझ्या प्रभूला म्हणत होते, बापा, सूर्य बुडेपर्यंत या जगात कोणी बोलू नये.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. वर्षाचं ओझं उतरत होतं तिच्या चेहऱ्यावरून. सूर्याची नुसती कड उरली होती. "एकदाच आणखी," ती म्हणाली, पुन्हा वळली, हात पुढे केला, आणि या वेळी चांगलं मोठ्यानं म्हणाली.

आणि उत्तर आलं.

पुरुषाचा आवाज, जड, जवळून, वेळूच्या बेटातून. शोधशील तर सापडेल, बोलशील तर ऐकणारा असेल. सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत.

सिमतखाला हलली नाही. हात तसाच पाण्यावर. मग वेळू बाजूला सारत बिहराम बांधावरून खाली उतरला, दुकानाच्या कपड्यांवर पांढरा सदरा चढवलेला, चपला हातात. बायको अजून आली नाही म्हणून शोधायला आला होता. वाटेत तिचा आवाज कानी पडला. कोणी 'राम राम' म्हटलं की आपल्या तोंडातून 'राम राम' निघतं, तसं जन्मभराच्या सवयीनं त्याच्या तोंडातून निघालं. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष!

"कोणाला हात देत होतीस?" त्यानं विचारलं.

ती पाण्यात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही कोसळणार.

"तुम्हालाच," ती म्हणाली. "किती उशीर केलात."

तो हसला. वर्षभरात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तो पाण्याकडे वाकला, तिचा हात धरला, आणि दोघांनी आपापल्या बोटांना ओठ लावले. तिनं वर येताना त्याचा आधार घेतला. मागे सूर्य बुडाला.

घरी जाताना तो पुढे चालत होता, झपझप, भांड्यांची पाटी खांद्यावर घेऊन. आम्ही दोघी मागे. मी हलक्या आवाजात म्हणाले, "खाला, आवाज अम्मोंचा होता. सवयीनं निघाला."

"हो. त्यांचाच होता."

"मग?"

"सकाळी शितिलला सामचं अंग चाललं," ती म्हणाली. "मग अनूशला बापाचा आवाज का चालणार नाही? गेलेल्यांकडे स्वतःचं काय असतं?"

खूप पुढे गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या पोरानं उत्तर दिलं, सगुणा. आणि कपडे मी देऊन बसले."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात मागे घेतला. ती अजून पांढऱ्यात होती.

घरी आल्यावर बिहरामनं स्वतः दिवा लावला. जेवायला बसला आणि भात मागून घेतला. वर्षभर तो दोन घास खाऊन उठायचा. त्या संध्याकाळी त्यानं मासा काट्यापर्यंत स्वच्छ केला, बोटं चाटली, पुन्हा भात घेतला. सिमतखाला वाढत होती.

"नीट झालं ना सगळं?" त्यानं विचारलं. "पोशाख बसला?"

"बसला."

"आणि शेखनी हात दिला तेव्हा? उत्तर दिलं त्यानं? सामचा आवाज बारीक आहे."

"मोठ्यानं दिलं," ती म्हणाली. "सगुणानंही ऐकलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. त्याचे डोळे भरून आले, पण सुखानं भरले होते.

"म्हणजे आता तो निघाला असेल," तो म्हणाला. "अंगभर कपडे घालून निघाला असेल ना?"

"निघाला असेल," सिमतखाला म्हणाली, आणि आपल्या पानातला मासा उचलून तिनं त्याच्या पानात वाढला.